फोटोंचं बारसं : फक्त एफ-टू दाबा!

लग्नाचे चार हजार फोटो आणि सगळ्यांचं आडनाव 'डीएससी'! हवा तो फोटो हवा तेव्हा सापडायचा असेल, तर कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेतलं एक दुर्लक्षित बटण तुमचा जिगरी दोस्त ठरू शकतं...

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता, या घडीला किती फोटो आहेत? अंदाजे सांगा. दोन हजार? दहा हजार? आणि त्यातल्या किती फोटोंना नाव आहे? नाव म्हणजे 'डीएससी_०४५७' नव्हे हं! 'आयएमजी_२२१८' हेसुद्धा नव्हे. फोटो न उघडता नुसतं वाचून कळेल की हा अजिंठ्याच्या ट्रिपचा, हा ऑफिसच्या पार्टीतला आणि हा... जाऊ दे, तो कुणाला दाखवायचा नाही!

बहुतेकांचं उत्तर भोपळा असणार. आपण फोटो काढतो, कॉपी करतो, 'न्यू फोल्डर (३)' मध्ये कोंबतो आणि विसरून जातो. नंतर शोधायची वेळ आली की डोक्याची मंडई.

खान्देशात तर लग्नसराईत विचारूच नका. जळगाव असो की धुळे, हळद, लग्न, रिसेप्शन मिळून एकेका घरचे तीन-चार हजार फोटो सहज होतात. रिळाच्या जमान्यात एका रोलमध्ये छत्तीस फोटो. फोटोग्राफर बटण दाबायच्या आधी दहादा विचार करायचा. स्टुडिओत निगेटिव्हच्या पाकिटावर पेनानं नाव, तारीख, नंबर लिहिलेला असायचा आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये. पाच वर्षांनी कॉपी मागायला गेलं तरी काका रजिस्टर उघडून पाकीट काढून द्यायचे. आता फोटो शंभरपट झाले आणि पाकिटावरचं नाव तेवढं गायब झालं!

२३४७ नंबरचा घोळ

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. मामेभावाचं लग्न होतं, २०२५ च्या मे महिन्यात. आम्ही जळगावचे, मुलगी धुळ्याची. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटरचा हायवे. फोटोग्राफर दोन. एक आमच्याकडून नेलेला, एक त्यांच्याकडचा. दोघंही कामाला एकदम पक्के. फोटो मिळाले ते पेनड्राइव्हवर, कॅमेऱ्यानं दिलेल्या नंबरांसकट.

त्यात एक फोटो होता. आजी नातवाच्या गालाला हळद लावतेय आणि कधी नव्हे ती खळखळून हसतेय. नंबर २३४७. मामांनी फोन केला, "भाऊ, तेवढा २३४७ मोठा करून फ्रेम करून द्या." आठवड्यानं फ्रेम आली. पाहतो तर काय, पंगतीत बसलेले कुणी एक पाहुणे वरण-बट्टीवर तुपाची धार घेताहेत! दोन कॅमेरे, दोघांचाही २३४७ नंबरचा फोटो, आणि मोठा झाला तो दुसराच. आम्ही पोट धरून हसलो. बरोबर फोटो नंतर करून घेऊ म्हणालो.

ऑगस्टमध्ये आजी गेली.

फ्रेमवाल्याकडे संध्याकाळपर्यंत फोटो द्यायचा होता. लॅपटॉप उघडला, २३४७ शोधला. पंगतीतले पाहुणे! दुसरा २३४७ कुठे? मग उलगडा झाला. दोन्ही पेनड्राइव्ह घरातल्याच कुणीतरी एकाच फोल्डरमध्ये कॉपी केले होते. एकाच नावाच्या फाइल्स समोर आल्यावर विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलून नवी टाकू का? घाईत 'हो' म्हटलं गेलं. एकावर दुसरा फोटो चढला आणि पहिला पुसला गेला. एक नाही, असे कित्येक. मूळ पेनड्राइव्हवर तोवर कुणीतरी पिक्चर भरून ठेवला होता. चार हजार फोटो चाळून झाले, रात्रीचा दीड वाजला. शेवटी सकाळी धुळ्याच्या फोटोग्राफरला फोन केला. त्यांनी हार्डडिस्क जपून ठेवली होती म्हणून फोटो मिळाला, एवढंच. एक दिवस उशिरा.

दोन्ही फाइल्सची नावं वेगळी असती तर यातलं काहीच घडलं नसतं. आणि ती वेगळी करायला लागला असता पुरता एक मिनिट!

कॅमेरा असा का वागतो?

कॅमेऱ्याला शिव्या देण्याआधी त्याची बाजू ऐका. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा जपानी कंपन्यांनी एकत्र बसून एक नियम ठरवला. १९९८ साली आलेल्या या नियमाचं नाव डीसीएफ. एका कंपनीच्या कॅमेऱ्याचं कार्ड दुसरीच्या कॅमेऱ्यात किंवा प्रिंटरमध्ये टाकलं तरी फोटो दिसले पाहिजेत, हा उद्देश. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो ना, तो याच नियमाचा. फाइलचं नाव आठ अक्षरांचं असणार, पहिली चार कंपनीच्या मर्जीची, पुढचे चार आकडे, ०००१ ते ९९९९. म्हणून निकॉनचा 'डीएससी_' आणि कॅननचा 'आयएमजी_'. रंगांसाठी 'अडोबी आरजीबी' सेटिंग निवडलं असेल तर नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर येतो.

गंमत इथेच आहे. ९९९९ नंतर काय? परत ०००१! लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा एका सीझनमध्ये हा फेरा आरामात पूर्ण करतो. म्हणजे दोन कॅमेरे तर सोडाच, एकाच कॅमेऱ्यातून दोन वेगळ्या लग्नांत 'डीएससी_०४५७' जन्माला येऊ शकतो. हा नंबर कायमचा नाहीच मुळी, रेल्वेच्या बर्थसारखा आहे. आज तुमचा, उद्या दुसऱ्याचा.

निकॉनच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मेनूत जाऊन 'डीएससी' ही तीन अक्षरं बदलता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दोन कॅमेरे असतील तर दोघांना वेगळी अक्षरं द्या. धुळ्याच्या स्टेशनचा रेल्वे कोड 'डीएचआय' आहे, एका कॅमेऱ्याला तोच देऊन टाका की! आणि शूटिंगच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच मोबाइलवरून लावून घ्या. का, ते पुढे सांगते.

एफ-टूची जादू

आता मुद्द्याचं. विंडोजवर फोटोला नाव द्यायची आपली पद्धत काय? राइट क्लिक, लांबलचक मेनू, त्यात खाली कुठेतरी 'रीनेम', त्यावर क्लिक, मग टाइप. एका फोटोला ठीक आहे. शंभर फोटोंना मनगट कामातून जाईल.

त्याऐवजी फोटो सिलेक्ट करा आणि कीबोर्डवरचं एफ-टू दाबा. बस्स! नाव निळं होतं, टाइप करा, एंटर मारा. त्यातही फक्त नावच निळं होतं, शेवटचं 'डॉट जेपीजी' सुटं राहतं. ते चुकून उडालं तर फाइल कशात उघडायची हेच कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून ही काळजी.

खरी मजा पुढे आहे. नाव टाइप केल्यावर एंटरऐवजी टॅब दाबून बघा. पहिलं नाव पक्कं होतं आणि कर्सर आपोआप पुढच्या फोटोच्या नावात जाऊन बसतो. नाव, टॅब, नाव, टॅब... माउसला हात लावायची गरज नाही. मागे यायचं तर शिफ्ट आणि टॅब. एक छोटी युक्ती आहे. हे करण्याआधी फोल्डर 'नेम'ऐवजी 'डेट'नुसार लावून घ्या. नाहीतर नवं नाव मिळताच फोटो अक्षरांच्या क्रमानं उडी मारून भलतीकडे जातो आणि आपण शोधत बसतो. नाव बदललं तरी फोटोची तारीख बदलत नाही, त्यामुळे तारखेच्या रांगेत तो जागचा हलत नाही.

सगळ्या हळदीच्या फोटोंना एकच नाव हवंय? कंट्रोल-ए दाबून सगळे निवडा, एफ-टू दाबा, एकदाच 'हळद' टाइप करा, एंटर. हळद (१), हळद (२), हळद (३)... अख्खी वरात क्रमानं उभी! चुकलं? कंट्रोल-झेड. जसं होतं तसं परत.

'माझ्या लॅपटॉपवर एफ-टू दाबलं की स्क्रीनचा उजेडच कमी-जास्त होतो' असं म्हणणारे असतातच. बरोबर आहे, पुष्कळ लॅपटॉपवर त्या बटणाला दुसरं काम दिलेलं असतं. मग 'एफएन' बटण धरून एफ-टू दाबा. मॅकवाल्यांना एफ-टू नको, फाइल निवडून नुसतं रिटर्न दाबलं की काम होतं. आणि २०१४ च्या योसेमिटीपासून तिथे एकदम पुष्कळ फाइल्सची नावंही बदलता येतात.

पिकासा गेलं, एफ-टू राहिलं

कॉलेजात असताना आपल्यापैकी कितीजणांनी पिकासा वापरलंय, हात वर करा! गुगलनं २००४ मध्ये विकत घेतलेलं, फुकट मिळणारं, कुठल्याही सायबर कॅफेत सापडणारं. त्यातही फोटो निवडून एफ-टू दाबलं की नाव विचारायचं आणि खाली टिक केलं की तारीखसुद्धा जोडून द्यायचं. २०१६ मध्ये गुगलनं ते बंद केलं. पण बटणाची सवय वाया गेली नाही, कारण पुढच्या बहुतेक सॉफ्टवेअरनी तेच बटण ठेवलं.

प्रोफेशनल लोक वापरतात त्या लाइटरूम क्लासिकमध्ये ग्रिडमध्ये फोटो निवडून एफ-टू दाबा. नावाचा साचा विचारणारी खिडकी उघडते, त्यात तारीख, तुमचं नाव, नंबर हवे तसे जोडा. अडोबीच्याच ब्रिजमध्ये एका फाइलला एफ-टू चालतं, पण ढीगभर फाइल्ससाठी कंट्रोल-शिफ्ट-आर. माझं मत विचाराल तर नावं बदलण्याच्या कामात ब्रिजच दादा आहे. नवं नाव कसं दिसेल ते आधीच दाखवतं आणि जुनं नाव फोटोच्या आतल्या माहितीत जपून ठेवायची सोयही देतं. उद्या कुणी फोन करून 'तो ०४५७' म्हणालं तरी पत्ता लागतो. पैसे खर्च करायचे नसतील तर डिजीकॅम आहे, तिथेही एफ-टू. फास्टस्टोनमध्ये एका फोटोला एफ-टू आणि अनेकांना एफ-फोर. १९९६ पासून टिकून असलेल्या इरफानव्ह्यूमध्ये नुसतं 'बी' दाबलं की ढिगाचं काम करणारी खिडकी हजर.

एक धोक्याची सूचना मात्र मनावर घ्या. फोटो एकदा लाइटरूममध्ये घेतले असतील तर नाव लाइटरूममध्येच बदला, बाहेर विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन नाही. लाइटरूम प्रत्येक फोटोचा पत्ता आपल्या वहीत लिहून ठेवतं. बाहेरून नाव बदललं की वहीतल्या पत्त्यावर कुणीच राहत नाही आणि फोटो 'सापडत नाही' म्हणून खूण येते. रॉ फोटोंचं तर आणखी नाजूक आहे. त्यांच्यासोबत एडिटिंगची माहिती ठेवणारी 'एक्सएमपी' नावाची छोटी फाइल असू शकते. दोघांचं नाव सारखं असलं तरच त्यांची जोडी टिकते. एकाचंच नाव बदललं तर रात्रभर केलेलं कलर करेक्शन गेलं म्हणून समजा.

नाव ठेवायचं काय?

बटण कळलं. पण टाइप काय करायचं? इथे आपल्याच भागातला एक नमुना बघू. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या लेण्यांचे नंबर वाटेवरच्या क्रमानं आहेत, वयानं नाहीत. त्यामुळे सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी दोन नऊ आणि दहा नंबरच्या. आणि मध्येच एक 'पंधरा-ए' सुद्धा आहे! नुसत्या क्रमांकावरून कुठलं लेणं आधीचं, कुठलं नंतरचं हे कळत नाही, ते गाइडला विचारावं लागतं. फोटोंना नुसते नंबर दिले की हेच होतं. फरक इतकाच, की तुमच्या हार्डडिस्कला गाइड नाही.

आता धुळ्याकडे वळू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून मोडीतली जुनी कागदपत्रं जमवायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्यांनी ती छापली, पहिला खंड १८९८ चा, पुढे एकूण बावीस. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि त्यांचा दप्तरखाना सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्या काळच्या बऱ्याच पत्रांत महिना आणि चंद्र लिहिलेला असायचा, वर्ष मात्र नाही! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीतच होतं ना. दीडशे-दोनशे वर्षांनंतर ते वर्ष शोधण्यात अभ्यासकांचे दिवसच्या दिवस गेले. मगच पत्राला जागा मिळणार, क्रमांक मिळणार. आपणही फोल्डरला 'दादाचं लग्न' असं नाव देतो तेव्हा नेमकं तेच करत असतो. आज आपल्याला वर्ष माहीत आहे. आपल्या नातवाला?

म्हणून तारीख आधी. तीही उलटी, वर्ष-महिना-दिवस. '२०२५-०५-०८_धुळे_हळद_०१२' असं. वर्ष पुढे ठेवलं की फाइल्स आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. '८-५-२५' लिहिलंत तर मे महिन्यातली आठ तारीख आणि डिसेंबरातली आठ तारीख शेजारी बसतात. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, विंडोज ती घेतच नाही. प्रश्नचिन्ह, कोलन आणि फुलीसुद्धा नाही. नंबर लिहिताना '१२' नको, '०१२' लिहा. नाहीतर काही सॉफ्टवेअर एकनंतर दोन न घेता दहा घेतात आणि सप्तपदीच्या आधी बिदाई होते! तारीख आणि नंबर इंग्रजी आकड्यांत टाइप केलेले बरे. बाकी नाव मराठीत दिलं तरी आजच्या विंडोजला काही अडचण नाही. फक्त फाइल्स प्रिंटिंगला पाठवणार असाल तर लॅबवाल्यांना आधी विचारा, त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपेलच असं नाही.

दोन कॅमेरे असतील तर नावात वेळही घाला. तास, मिनिट, सेकंद. मग दोघांचे फोटो जसे घडले तसेच एकापाठोपाठ एक लागतात. घड्याळं जुळवायला सांगितली होती ती यासाठी. नसतील जुळवली तरी घाबरू नका, लाइटरूममध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते.

बारसं कधी करायचं? कार्डावर असताना कधीच नाही. आधी कॉपी, मग दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी, मग नावं, आणि त्यानंतरच फोटो गिऱ्हाइकाला किंवा नातेवाइकांना दाखवायचे. एकदा निवडीचे नंबर फोनवर सांगून झाले, अल्बमवाल्याकडे यादी गेली, की नावाला हात लावायचा नाही.

आणि हो, व्हॉट्सअॅप! तुम्ही इतकं सुंदर नाव देऊन फोटो पाठवता आणि समोरच्याच्या फोनवर तो दिसतो 'आयएमजी', त्यापुढे तारीख आणि 'डब्ल्यूए' असा काहीतरी होऊन. ती तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. शिवाय फोटो लहान होतो आणि त्याच्या आतली वेळेची माहितीही जाते. नाव टिकवायचं असेल तर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मूससाहेबांच्या गावाजवळून

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला गेलात तर स्टेशनजवळच्या एका बंगल्यात जरूर डोकवा. कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) तिथे राहत. उभं आयुष्य जवळपास त्या घरातच काढलं आणि टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून अशी छायाचित्रं केली की बघणाऱ्याला अख्खा निसर्ग वाटावा. देशविदेशातल्या स्पर्धांत ढिगानं बक्षिसं मिळवली. आज त्या घराचं संग्रहालय झालंय. अशा स्पर्धेला छायाचित्र पाठवायचं तर त्याला शीर्षक लागतं. म्हणजे काढणाऱ्याला क्षणभर थांबून ठरवावं लागतं, हे मी नक्की कशाचं चित्र काढलंय? आपण एका संध्याकाळी दोनशे फोटो काढतो, सगळ्यांना शीर्षक देणं शक्य नाही, मान्य. पण त्यातले पाच-दहा? एफ-टू दाबून तेवढे तरी...

शेवटी एक काम, येत्या दिवाळीच्या सुट्टीसाठी. घरातले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही कधीतरी स्कॅन करून ठेवले असतील. त्यांची नावं 'स्कॅन०००१', 'स्कॅन०००२', आणि फाइलवरची तारीख स्कॅन केल्याची, फोटोची नव्हे. त्या फोटोत कोण कोण आहे, हे घरात एकाच माणसाला माहीत असतं आणि तो माणूस ऐंशीच्या पुढचा असतो. गावी गेलात की लॅपटॉप घेऊन आजोबांच्या शेजारी बसा. फोल्डर तारखेनुसार लावा, चित्रं मोठी करा, पहिला फोटो निवडून एफ-टू दाबा. 'ही माझी मोठी बहीण, पारोळ्याला दिली होती, कानबाईच्या सणाला माहेरी आलेली तेव्हाचा फोटो' असं काहीतरी ते सांगतील. वर्ष आठवलं नाही तर '१९६०चं-दशक' लिहा, चालतं. ते बोलतील तसं टाइप करा. टॅब. पुढचा फोटो.